गाडीचे उन्हाळे मोजा: जुन्या इंजिनातलं रबर कुठून आणि कसं तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. गाडी दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी असेल आणि यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील, तर सेन्सर, हेड, कार्बोरेटर यांच्यावर पैसे घालण्याआधी रबर बघा.

• रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला कमी होतं, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही.
• कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा.
• शहरात गाडी ठणठणीत. समृद्धीवर शंभरच्या आसपास बराच वेळ धरली की टेम्परेचरचा काटा हळूहळू वर सरकतो.
• सकाळी सेल्फ मारताच किंवा एसी लावताच चिरका आवाज येतो. पावसाळ्यात जास्त.
• आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, एका जागी थांबत नाही. मोटरसायकल असेल तर थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट होते, आणि इंजिन गरम झालं तरी चोक काढवत नाही.
• ब्रेकचं पेडल कडक लागतं, रोजच्यापेक्षा जास्त जोर द्यावा लागतो.
• सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो.
• सिग्नलवर स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतो. क्लच सोडताना खालून 'धप्प' होतं.
• रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी निळा धूर सोडते आणि मिनिटभरात धूर थांबतो.

सिग्नलवर उभं असताना काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, हे लक्षण मी मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. नागपूरच्या राहाटे कॉलनी चौकातून थेट गॅरेजला येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये बहुतेक वेळा रेडिएटरचा पंखाच फिरत नसतो. फ्यूज, रिले, स्विच नाही तर मोटर. ते दुखणं विजेचं, रबराचं नाही. आधी तेवढं बाजूला काढा, मग पुढचं वाचा.

नागपुरात रबर लवकर का मरतं

हिंगणा रस्त्याला माझं गॅरेज आहे. मे महिन्यात, खासकरून नवतप्यात, म्हणजे शेवटच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं मूळ दुखणं एखाद्या पाईपात, पट्ट्यात नाही तर सीलमध्ये निघतं. मालक म्हणतो, "भाऊ, गाडी तं जास्त चाललीच नाही, चाळीस हजारच रनिंग आहे." रनिंगचा इथे फार संबंध नाही. टायर किलोमीटरने झिजतो. बोनेटखालचं रबर उष्णतेने, हवेने आणि वर्षांनी म्हातारं होतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. आता बाहेर ४५ अंश, बोनेटखाली त्याच्या कितीतरी वर, आणि त्यात गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, वारा थांबतो, इंजिनातली सगळी उष्णता तिथेच कोंडते. गाडी चालू असताना जेवढं सोसावं लागतं त्यापेक्षा जास्त रबराला त्या पहिल्या अर्ध्या तासात सोसावं लागतं.

म्हणून एमएच ३१ ची, निवृत्त काकांची, आठवड्यातून एकदा बर्डीपर्यंत जाऊन येणारी, झाकून ठेवलेली गाडी रबराच्या बाबतीत टॅक्सीपेक्षा वाईट निघू शकते. टॅक्सीचे पाईप आणि पट्टे मध्ये दोनदा तरी बदललेले असतात. काकांच्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेले असतात. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून घेतलेली गाडी असेल, तर तिने पंधरा उन्हाळे काढले आहेत एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सगळ्या रबरांची. इंजिनात एकच रबर नसतं. पाण्याचे पाईप साधारणपणे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते उष्णता आणि ओझोन चांगलं सोसतं, पण तेल, डिझेल, ग्रीस लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. पेट्रोल आणि ऑइलसाठी नायट्राइल वापरतात. त्याला तेलाचं काही वाटत नाही, पण ऊन आणि ओझोन लागला की त्याला चिरा पडतात. एकाचं औषध दुसऱ्याचं विष आहे. आपल्याकडे डिझेल मारून इंजिन धुवायची जी पद्धत आहे, ती याच कारणाने मला मुळीच पसंत नाही. इंजिन दोन दिवस चमकतं, आणि पाण्याच्या पाईपांना ते डिझेल बाधतं. सेकंडहँड गाडी घेताना बोनेटखालचे सगळे पाईप काळेभोर चकाचक दिसले, तर खूश होण्यापेक्षा बोट फिरवून बघा. पॉलिश असेल तर बोट तेलकट होईल.

सुरुवात करण्याआधी

सगळ्या तपासण्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. टॉर्च, जुना कपडा, स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना आणि पाण्याची फवारणीची बाटली एवढं पुरतं. गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतोच.

१. बघा, हुंगा, चिमटा (खर्च शून्य)

वरचा आणि खालचा रेडिएटर पाईप, हीटरचे दोन पाईप आणि मधला छोटा बायपास पाईप, एवढ्यांना हात लावा. छोट्यांना विसरू नका. मोठा पाईप सगळे बघतात, फाटतो बहुधा इंजिनामागे दडलेला हीटरचा.

चिमटा घ्यायची पद्धत आहे. पाईपाच्या मधोमध एकदा दाबा. मग क्लिपच्या जवळ, साधारण दोन बोटं अंतरावर दाबा. दोन्हीकडे सारखं लागलं पाहिजे. टोकाशी मऊ, पोकळ लागलं किंवा आतून बारीक करकर जाणवली, तर पाईप आतून चिरलाय, बाहेरून कितीही नवा दिसो. कूलंट, रबरातला कार्बन आणि इंजिनाचं धातूचं तोंड मिळून तिथे एक बारीकशी बॅटरी तयार होते. तो विद्युत-रासायनिक प्रकार रबराला आतल्या बाजूने, टोकांजवळ, लांबीच्या दिशेने चिरा पाडत नेतो. चीर आतल्या धाग्यापर्यंत पोचली की एखाद्या दुपारी पाईप उभा फाटतो. बाहेरून बघून हे कधीच कळत नाही. म्हणून नुसतं "पाईप चांगला दिसते" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

उलट, सगळा पाईप टणक असेल, दाबताच येत नसेल, तर तो उष्णतेने वाळला. ताज्या पोळीची घडी पडते, शिळी कडक पोळी मोडते, तसंच हे. आणि एकाच जागी पाईप फुगून लिबलिबीत झाला असेल तर तिथे वरून तेल टपकतंय. अशा वेळी नुसता पाईप बदलून उपयोग नाही, तेल कुठून येतं ते आधी शोधा. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून येतं.

क्लिपभोवती पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खरपुडा दिसला की तिथून कूलंट झिरपतंय. गरम इंजिनावर ते खाली पडायच्या आत वाळतं, म्हणून गाडीखाली थेंब दिसत नाही. पहिल्या लक्षणाचं उत्तर बहुतेक इथेच मिळतं. क्लिप थंड इंजिनावर पाव आटा कसा, जास्त नको. वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं रबर दबलेलंच राहतं, परत फुगत नाही. दोनदा कसूनही झिरपत असेल तर दोष रबराचा आहे. तिसऱ्यांदा कसलं तर क्लिप रबर कापून आत जाईल.

२. रेडिएटर कॅप आणि बाटलीची नळी

याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका दुर्लक्षित भाग दुसरा नाही. छोट्या गाड्यांच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब आहे. ०.९ चा दाब धरला तर पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, त्यावर खोल वळ उमटला किंवा कडा तुटली की दाब धरला जात नाही, आणि मग शंभरच्या आसपासच उकळी फुटते. नागपूरच्या मेमध्ये हा अठरा अंशांचा फरक म्हणजे घरी पोचणं आणि सौंसरच्या पुढे सिल्लेवानी घाटात बोनेट उघडून उभं राहणं यातला फरक आहे.

कॅपमध्ये मधोमध एक छोटी उलटी झडप असते. इंजिन थंड होताना आत निर्वात होतो, तेव्हा ती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं. ती बोटाने ओढली तर सहज हलली पाहिजे. अडकली असेल तर सकाळी वरचा पाईप चपटा झालेला दिसतो. लोक पाईप बदलतात, आठवड्यात नवाही चपटा होतो, मग मला विचारतात, पाईप नकली होता काय? पाईप बिचारा बरोबर असतो.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर कॅप आणि बाटली यांच्यामधली करंगळीएवढी नळी बघा. तिला टोकाशी चीर असली की गरम कूलंट दाबाने बाटलीत जातं, पण परत येताना चिरेतून हवा ओढली जाते. नळीचं फाटलेलं टोक कापून पुन्हा खोचा, लांबी पुरत असेल तर एक पैसाही लागत नाही.

नवी कॅप घेताना आकडा तोच घ्या. ०.९ च्या जागी १.१ लावली तर जास्त चांगलं, असं दुकानदार सांगेल. जुन्या पाईपांना आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला तो जास्तीचा दाब झेपेलच असं नाही.

३. पट्टा

इंजिन बंद, चावी खिशात. जुन्या गाडीतला व्ही पट्टा असेल तर उलटून आतल्या बाजूच्या चिरा बघा, आणि दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात का बघा. चकचकीत झालेला पट्टा कितीही ताणला तरी घसरतो. दोन पुलींच्या मधल्या सगळ्यात लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मि.मी. दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

बारीक रेघांचा चपटा पट्टा असेल तर चिरांची वाट बघू नका. नव्या जातीच्या ईपीडीएम पट्ट्यांना चिरा जवळजवळ पडतच नाहीत. रेघा झिजतात, पट्टा पुलीच्या खाचांत खोल बसतो आणि घसरतो. तो दिसायला चांगला असतो आणि कामाला गेलेला असतो.

आवाज येत असेल तर इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन लांब ठेवा. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा सैल आहे किंवा झिजलाय. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रांगेत नाही. पहिलं घरी ताणून किंवा पट्टा बदलून सुटतं, दुसऱ्याला गॅरेज लागतं.

हे बघणं गरजेचं का, तर बऱ्याच जुन्या गाड्यांत हाच पट्टा वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. तो घसरला की गाडी गरम होते आणि बॅटरीही चार्ज होत नाही. नवी बॅटरी टाकून महिनाभरात "हीपण बसली" म्हणून आलेल्या गाडीत आधी मी पट्टाच दाबून बघतो.

४. हवेचे पाईप आणि मोटरसायकलचं जॉइंट रबर

कार्बोरेटर आणि हेड यांच्या मध्ये जे रबर असतं, त्याला चीर पडली की इंजिन फुकटची हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मग चोक लागतो, फटफट होते, आयडलिंग पळतं. एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं जुन्या गाड्या घेऊन येतात, कार्बोरेटर आधीच तीन ठिकाणी साफ करून झालेला असतो, जेट बदललेले असतात, स्क्रू फिरवून फिरवून गोल झालेला असतो. आणि चीर असते त्या रबराच्या खालच्या बाजूला, जिथे वरून बघणाऱ्याला दिसत नाही. रबर काढून वाकवून बघा, बसवलेल्या अवस्थेत चीर मिटलेली असते.

काढायचं नसेल तर इंजिन आयडलवर ठेवून जॉइंटवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथे गळती आहे. हे काम पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून करणारे लोक आहेत. गरम सायलेन्सरपासून चार बोटांवर पेट्रोल उडवणं मला तरी पटत नाही, आणि पाण्याने तेच कळतं.

बऱ्याच गिअरलेस स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी डायफ्राम असतो. ॲक्सिलरेटर दिला तरी पिकअप येत नसेल तर तो काढून उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोकही पुरेसं असतं. त्याला पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नका, फुगतो आणि परत खाचेत बसत नाही. आणि चेन बरोबर असूनही थ्रॉटल देता-सोडता मागून झटका बसत असेल तर इंजिन सोडा, मागच्या चाकातले हब रबर बदला. ते इंजिनात मोडत नाहीत, पण चौकशी रोज होते म्हणून सांगून टाकलं.

पेट्रोल कारमध्ये इनटेकपासून ब्रेक बूस्टरकडे (पायाचा जोर वाढवणारा डबा) जाणारा जाड पाईप असतो. तो तपासायचा सोपा मार्ग: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून धरूनच सेल्फ मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर पाईप, त्यातला वाल्व किंवा बूस्टर गेलाय. इथे थांबा. पाईप बाहेरून फाटलेला स्पष्ट दिसत असेल आणि तुमचा हात बसलेला असेल तर तो बदलता येईल, पण पाईप बदलूनही पेडल कडक राहिलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

५. पेट्रोलची नळी

वास येत असेल तर दुसरं काहीही तपासण्याआधी हे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी वाकवा. वाकवल्यावर बारीक चिरा उघडल्या, किंवा क्लिपपाशी ओलं दिसलं, तर बदला. टेप, एम-सील, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, काही लावू नका.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे इंधनाचे भाग ते सोसतील असे करायला सांगितलं गेलं. तुमची २००८ ची गाडी त्या हिशेबाने बनलेली नाही. म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडेल असं नाही, पण जुनी नळी, फ्लोट बाउलचं पॅकिंग, ओ-रिंग आधी फुगतात आणि गाडी महिनाभर उभी राहून कार्बोरेटर कोरडा पडला की आकसतात. फुगणं-आकसणं दोन-चारदा झालं की गळती सुरू. इथेनॉल हवेतली ओलही धरून ठेवतं, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्रास जास्त. नवी नळी घेताना इथेनॉलला चालणारी मागा. नळीवर आर-६, आर-७ किंवा आर-९ असं छापलेलं असतं. पहिल्या दोन कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी, आर-९ इंजेक्शनसाठी. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त आणि पेट्रोल वाहताना दिसतं म्हणून लोक आवडीने लावतात, पण इंजिनाच्या उष्णतेत ती कडक होऊन तोंडातून निसटते.

इंजेक्शनची गाडी असेल तर थांबा. तिथे इंधनाचा दाब साधारण तीन बार असतो आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ टिकतो. नळी सैल केली तर पेट्रोल टपकत नाही, फवारा उडतो. हे घरचं काम नाही.

उंदरांचंही इथेच सांगतो. पाऊस लागला की ते कोरडी, उबदार जागा शोधत बोनेटखाली येतात. नळीवर दोन समांतर खाचा दिसल्या तर ती जीर्ण झालेली नाही, कुरतडलेली आहे. नवी टाकून उपयोग नाही, आधी गाडीची जागा बदला.

६. पाण्याचे पाईप बदलणं

इथपर्यंतचं सगळं सकाळच्या दोन तासांत होतं. आता हात काळे होतात.

समृद्धीवर काटा चढणाऱ्या गाडीचा खालचा पाईप नीट बघा. वॉटर पंप तिथून पाणी ओढतो. पाईप मऊ पडला असेल, किंवा त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढला की पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते. वेग कमी केला की परत फुगतो. गॅरेजमध्ये आयडलवर सगळं बरोबर दिसतं. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून तासाभरात परत आलेल्या गाड्यांत लोकांनी आधीच थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून फेकलेला असतो. गाडी थांबवून, हँडब्रेक लावून, जोडीदाराला रेस द्यायला सांगा आणि पाईपाकडे दुरून बघा. चपटा होताना डोळ्यांनी दिसतो. पाईप ठीक आणि तरीही काटा चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत ते होणारच.

बदलताना जुना पाईप पिरगाळून ओढू नका. रेडिएटरची टाकी आता प्लॅस्टिकची असते, जुनी झाली की तिचं तोंड पाईपाबरोबर तुटून हातात येतं, आणि दोन-अडीचशेचं काम काही हजारांवर जातं. ब्लेडने पाईप लांबीच्या दिशेने चिरा आणि सोलून काढा. धातूच्या तोंडावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा, नाही तर नवा पाईपही तिथूनच झिरपेल. बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ईपीडीएमचं काय होतं ते वर सांगितलंच. साबणाचं पाणी पुरतं. क्लिप नव्या घ्या. साचातला, मूळ वळणाचा पाईप घ्या. सरळ पाईप कापून वळवून लावला की वळणावर मुडपतो.

विकत घेताना पाकिटावरचा पॅकिंगचा महिना आणि वर्ष वाचा. रबर दुकानातही म्हातारं होतं. जुन्या मॉडेलचा माल कधीकधी पत्र्याच्या माडीवर बरीच वर्षं पडलेला असतो. पाकीट फाडून पाईप वाकवून बघायला दुकानदार नाही म्हणत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरल्यावर हवा काढा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा, मग कॅप लावा. हवा अडकून राहिली तर सगळं नवं असूनही काटा चढतो.

देवलापारच्या पुढे जंगलात पाईप फाटला तर काय? इंजिन थंड होऊ द्या, अर्धा तास तरी. चीर कोरडी करून रबरी टेप किंवा सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळा, साधं पाणी भरा, कॅप पहिल्या खाचेपर्यंतच लावा म्हणजे दाब बनणार नाही, आणि एसी बंद, हीटर चालू ठेवून हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा. पाणी लवकर उकळेल, म्हणून डोळे काट्यावर. पुन्हा कॅपला हात लावायचा तो इंजिन थंड झाल्यावरच.

७. फाउंडेशन

तोच पाईप वर्षात दुसऱ्यांदा फाटला असेल तर पाईपाला शिव्या देण्याआधी इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. त्यातलं रबर बसलं की इंजिन गरजेपेक्षा जास्त हलतं, आणि त्याला जोडलेलं सगळं ओढलं जातं: पाईप, वायरिंग, क्लचची केबल, सायलेन्सर.

बोनेट उघडा, जाणत्या माणसाला सीटवर बसवा. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. पहिला गिअर टाकून क्लच अगदी किंचित सोडायचा, गाडी हलू द्यायची नाही. मग रिव्हर्स टाकून तेच. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, तुम्ही बाजूने बघायचं. इंजिन थोडं झुकणं बरोबर आहे. एका बाजूने दोन-अडीच सें.मी. उचललं जात असेल, किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला, तर त्या बाजूचं फाउंडेशन गेलं. बदलायचं काम गॅरेजचं. इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो. टायर बदलायच्या जॅकवर इंजिन तोलून खाली शिरणारा माणूस दिसला तर त्याला ओढून बाहेर काढा.

८. सील

निळा धूर फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फला येत असेल तर वाल्व सील. चालत्या गाडीत रेस दिली की येत असेल तर रिंग-पिस्टनचा विषय, रबराचा नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग तुम्ही स्वतः बदलू शकता, बोल्ट थोडे थोडे आणि सारखे कसा. क्रँकचं मागचं सील असेल तर गिअरबॉक्स उतरतो, ते घरी होत नाही.

सील बदलायला सांगण्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर काढणारी, नळी काढून फुंकून बघा. ती आत चिकटली किंवा कार्बनने भरली की इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलतो. दोन वर्षांत दोनदा सील बदललेली गाडी आली की मी आधी ही नळी उपसतो.

गॅरेज गाठायची वेळ

काटा लाल रेषेला लागला की गाडी बाजूला घ्या, बंद करा. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड वाकतं. ऑइल कॅपखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं काही दिसलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, किंवा गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची, कूलंट आत शिरत असण्याची शक्यता धरा. पुढे एक किलोमीटरही चालवू नका.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे वाल्व पिस्टनच्या तालात चालवणारा रबरी पट्टा, हा घरी तपासायचा भागच नाही. मारुती ८०० आणि जुन्या ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात तो असतो, जुन्या सँट्रोतही. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत त्या जागी चेन आहे. बेल्ट आवाज करून सूचना देत नाही. पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, आणि आपल्याकडच्या कमी चालणाऱ्या गाडीत आधी वर्षं भरतात. कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बरोबर घ्या, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी एकदाच लागते. चालती गाडी एकदम बंद पडली आणि नंतर सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुळसुळ फिरलं, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता धरा. पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का मारून चालू करायचा प्रयत्न करू नका. काही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वाल्ववर आदळतात, आणि पुन्हा सेल्फ मारला तर आणखी वाल्व वाकू शकतात. टोइंगवाल्याला फोन करा.